एक हजार यार्ड आणि दीड मिलिसेकंद

१९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँप पेरीच्या मैदानावर, बेन कम्फर्ट नावाच्या नेमबाजानं ‘विम्बल्डन कप’ जिंकला. टेनिसचा इथं काही संबंध नाही. हा सामना हजार यार्डांवरून, म्हणजे ९१४ मीटरवरून नेम साधण्याचा. कम्फर्टच्या रायफलीत लष्करी नेमबाजांचं नेहमीचं .३०-०६ काडतूस नव्हतं. त्यात होतं लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं १९२५ मध्ये शिकाऱ्यांसाठी काढलेलं लांबोडकं .३०० मॅग्नम. गोळीची जाडी तीच, पण तिच्यामागची पितळी पुंगळी बरीच मोठी. वाऱ्यानं गोळी कमी वाहवली, ती लवकर पोचली आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजांना मॅग्नमचं वेड लागलं ते लागलंच. दोन वर्षांत विंचेस्टर कंपनी आपल्या ‘मॉडेल ७०’ रायफली या काडतुसासाठी बनवू लागली.

मोठ्या पुंगळीत जास्त दारू मावते आणि जास्त दारू म्हणजे जास्त वेग, असं सरळ गणित कुणीही मांडेल. ते अर्धंच खरं आहे. आजचं साधं .३०८ विंचेस्टर काडतूस घ्या. त्याची पुंगळी काठोकाठ भरली तर सुमारे ५६ ग्रेन पाणी मावतं. (ग्रेन हे या धंद्यातलं वजन, एका पौंडाचे ७०००, म्हणजे एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅम.) .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये ९० ग्रेनच्या आसपास मावतं आणि .३३८ लापुआमध्ये ११० च्या वर. आता दाबाची मर्यादा बघा. अमेरिकी मानकानुसार .३०८ ला ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) चालतो आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमला ६४,०००. पुंगळीतली जागा दीडपटीहून जास्त झाली, सोसायचा दाब मात्र जवळजवळ तोच राहिला. कारण पोलाद आणि पितळ तेच आहे. मॅग्नमचा नेमबाज जादा दारू घालतो ती दाब वाढवण्यासाठी नाही, तर तोच दाब जास्त वेळ टिकवण्यासाठी. बंद पडलेली एसटी एका हिसक्यानं हलत नाही, चार माणसांनी खांदा लावून रेटत राहावं लागतं. इथंही रेटा महत्त्वाचा. फरक एवढाच, की रेटायला मिळणारा वेळ सव्वा ते दीड मिलिसेकंद असतो.

म्हणून अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात घरच्या बाकावर स्वतः काडतुसं भरणारा नेमबाज दुकानात जातो तेव्हा ‘जोरदार’ दारू मागत नाही. ग्रॅममागे ऊर्जा बघितली तर रायफलीच्या बहुतेक दारूंत फार मोठा फरक नसतो. साधारण पावणेचार ते चार किलोज्यूल. तो विकत घेत असतो दारू जळण्याची चाल. अमुक काडतूस, अमुक वजनाची गोळी आणि अमुक लांबीची नळी यांच्यासाठी दारू किती सावकाश जळावी, हा त्याचा प्रश्न. मॅग्नमसाठी उत्तर बहुतेक वेळा ‘खूप सावकाश’ असंच येतं. त्यात ‘खूप’ म्हणजे किती, यावर मात्र माणसं आयुष्यभर वाद घालतात.

जळण्याची चाल ठरते कशी? दोन फ्रेंच माणसांनी याचा पाया घातला. १८३९ मध्ये गिओम पिओबेर यानं सांगितलं, की दारूचा दाणा पृष्ठभागावरून आत, थराथरानं जळतो. पुढं पॉल विएल यानं दाखवलं, की हा थर आत सरकण्याचा वेग भोवतालच्या दाबाबरोबर वाढतो. सगळी मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. दारू जळली की वायू होतो, वायूनं दाब वाढतो, दाब वाढला की दारू आणखी जोरात जळते. हे चक्र आवरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पुढं सरकणारी गोळी, कारण ती वायूला जागा करून देते. गोळी जड असेल तर ती सावकाश हलते, जागा उशिरा मिळते आणि दाब चढतो. म्हणून एकाच मॅग्नममध्ये १५० ग्रेनच्या गोळीला एक दारू लागते आणि २२० ग्रेनच्या गोळीला तिच्याहून सावकाश जळणारी दुसरी. दाबाचा कळस गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकलेली असतानाच येऊन जातो. उरलेल्या नळीत मग उताराचाच खेळ. तो उतार जितका सपाट, तितका शेवटचा वेग जास्त.

विएलचं नाव आणखी एका कारणानं घ्यायला हवं. १८८४ मध्ये त्यानं पहिली उपयोगी बिनधुराची दारू बनवली आणि दोन वर्षांत ती फ्रान्सच्या लेबेल रायफलीत आली. त्याआधीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुका त्यावरच चालत. ती जळली की निम्म्याहून जास्त वस्तुमान घन रूपात उरतं, तोच धूर आणि तीच नळीतली घाण. विएलनं नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, द्रावकात भिजवून लगदा केला, लाटला आणि कापला. कापसाचा भुसभुशीतपणा गेला, दाणा घट्ट झाला, तेव्हाच पिओबेरचा नियम तिथं लागू पडला. त्याआधी ‘गनकॉटन’ तसाच बंदुकीत वापरण्याचे प्रयोग झाले होते आणि बंदुकांबरोबर कारखानेही उडाले होते. मग आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली आणि ब्रिटिशांची कॉर्डाइट. कॉर्डाइट शेवयांसारख्या लांब दोऱ्यांची असे. .३०३ च्या काडतुसात हे दोरे आधी सरळ पुंगळीत घालत आणि मग तिची मान आवळत. .३०० एच अँड एचचे उतरते, लांब खांदेही याच दोऱ्यांच्या सोयीचे. दारूच्या आकारानं काडतुसाचा आकार ठरवल्याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं नसेल.

दाण्याचा आकार ही तर या विद्येची खरी चावी. गोल दाणा जळताना लहान होत जातो, त्याचा पृष्ठभाग घटतो आणि वायू सुरुवातीलाच भसकन निघतो. मॅग्नमला नेमकं याच्या उलट हवं. अमेरिकी तोफखान्यातला थॉमस रॉडमन यानं अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या सुमारास काळ्या दारूच्या मोठ्या वड्यांना आरपार भोकं पाडली. बाहेरून वडी आक्रसते तशी आतली भोकं रुंदावतात आणि जळणारा पृष्ठभाग फारसा घटत नाही. एका भोकाच्या नळकांडीत तो जवळजवळ सारखा राहतो, सात भोकांच्या नळकांडीत उलट वाढत जातो. तोफांची दारू आजही अशी सात भोकांची दिसते. रायफलीच्या मॅग्नम दारूचे दाणे म्हणजे पेन्सिलीच्या शिशाच्या बारीक तुकड्यांएवढ्या काड्या, बहुतेक एकाच भोकाच्या. भोक पाहायला भिंग लागतं.

एवढ्या लहान दाण्यात नुसत्या भूमितीनं भागत नाही. मग रसायनशास्त्र मदतीला येतं. दाण्याच्या बाहेरच्या थरात जळण मंदावणारं द्रव्य मुरवतात. एकेकाळी कापूर वापरत, पुढं डायनायट्रोटोल्युइन, सेंट्रलाइट, डायब्युटिल थॅलेट अशी द्रव्यं आली. बाहेरचा थर कुरकुरत जळतो, तोवर गोळी चालू पडलेली असते, आणि मग आतला उघडा गाभा वेगानं पेटतो. वर ग्रॅफाइटचा हात फिरवतात. त्यामुळं दाणे काळे तुळतुळीत दिसतात, घरंगळतात आणि स्थितिक विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. हे मुरवण्याचं काम किती खोल आणि किती समान झालं, यावर दारूची प्रत ठरते. कारखाने हे गुपित जपतात, ते का जपतात हे समजण्यासारखं आहे.

यात एक वेगळी वाट फ्रेड ओल्सन यानं काढली. १९३३ च्या सुमारास, वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत. नायट्रोसेल्युलोज विरघळवून पाण्यात त्याचे गोल मणी पाडायचे. ‘बॉल पावडर’ झटपट बनते, मोजायला सोपी असते आणि पुंगळीत दाटून बसते. गोल असल्यामुळं ती मुळात हावरी, म्हणून तिला मंदावणारं द्रव्य भरपूर मुरवावं लागतं. हजार यार्डांच्या नेमबाजांचा कल मात्र अजून काड्यांच्या दारूकडेच दिसतो. काडी मापातून नीट पडत नाही, अडकते, कापली जाते, म्हणून ही मंडळी प्रत्येक भार इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलतात. एका काडीचं वजन साधारण ०.०२ ते ०.०३ ग्रेन. काहीजण खरोखर चिमट्यानं एकेक काडी टाकतात. हे वेड आहे का? थोडं आहे. पण त्यामागचं गणित खोटं नाही, त्याकडं येऊच.

त्याआधी गोष्ट कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडनची. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सरकारकडं तोफा-बंदुकांच्या दारूचे ढीग पडून होते. हॉजडननं आयुर्विम्यावर कर्ज काढून ‘४८९५’ नावाची उरलेली लष्करी दारू विकत घेतली, कुरणात उभ्या केलेल्या जुन्या मालडब्यात ठेवली आणि मासिकात छोटी जाहिरात देऊन हौशी लोकांना विकू लागला. पुढं त्याच्या हाती आली ‘४८३१’. ही तर २० मिलिमीटर तोफेची दारू, रायफलीला कुणी कधी वापरली नव्हती इतकी सावकाश जळणारी. नेमक्या त्याच काळात कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी आपली भल्यामोठ्या पुंगळ्यांची मॅग्नम काडतुसं लोकांच्या गळी उतरवत होता. मोठ्या पुंगळीला मंद दारू मिळाली, तीही कवडीमोलानं. मॅग्नम हा शिकाऱ्यांचा आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजांचा घरगुती छंद झाला त्याचं श्रेय बंदूक बनवणाऱ्यांना देतात. माझ्या मते अर्धं श्रेय त्या मालडब्याला द्यावं.

लष्करी साठा संपला, नावं राहिली आणि त्यातून गोंधळ झाला. हॉजडनची ‘एच ४८३१’ आणि ड्यूपाँच्या घराण्यातली ‘आयएमआर ४८३१’ यांचा आकडा एकच, पण आयएमआर अधिक वेगानं जळते. एकीचं माप दुसरीला लावलं तर दाब मर्यादेपलीकडे जातो. ४३५० या आकड्याच्याही तीन कंपन्यांच्या तीन दारू आहेत. दारूंची वेगानुसार यादी असलेला तक्ता दुकानात भिंतीला लावलेला असतो आणि नवशिक्याला तो मोठा आधार वाटतो. तो फक्त क्रम सांगतो, अंतर नाही. शिवाय काडतूस बदललं की शेजारच्या दोन दारूंचा क्रमही उलटू शकतो. म्हणूनच दारूचं माप तक्त्यावरून अंदाजानं काढायचं नसतं. ते त्या दारूच्या उत्पादकानं दाबमापक लावलेल्या नळीत तपासून छापलेलं असावं लागतं. या लेखातही एकही माप नाही, ते मुद्दाम.

दारू बदलली तर काय होतं, याचा सगळ्यांत महागडा धडा मॅग्नमनं नाही, एम-१६ या लष्करी रायफलीनं दिला. १९६० च्या दशकात अमेरिकी लष्करानं तिच्या काडतुसातली काड्यांची दारू बदलून बॉल पावडर घेतली. गोळीचा वेग बरोबर होता, कळसाचा दाबही चालण्यासारखा होता. पण नळीत पुढं, यंत्रणेला वायू पुरवणाऱ्या छिद्रापाशी, दाब आधीपेक्षा जास्त राहिला. रायफल ठरवल्यापेक्षा वेगानं चालू लागली, मळली आणि व्हिएतनामच्या जंगलात अडकू लागली. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. कळस तोच ठेवूनही उताराचा आकार बदलतो आणि तो बदल माणसांच्या जिवावर येतो.

आता चिमट्यानं काडी टाकणाऱ्यांकडं वळू. २२० ग्रेनची सडसडीत गोळी सेकंदाला २८५० फूट वेगानं सुटली तर हजार यार्ड गाठायला तिला दीड सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात ती आठ-नऊ मीटर खाली येते. नेमबाज दुर्बिणीत ते आधीच मिळवून घेतो. पण दोन बारांमधल्या वेगात ३० फुटांचा फरक पडला, म्हणजे फक्त एक टक्का, तर हे पडणं साधारण दोन टक्क्यांनी बदलतं. लक्ष्यावर वीतभर खाली-वर. ‘एफ-क्लास’ स्पर्धेत हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं आणि त्यातलं सर्वांत आतलं पाच इंचांचं असतं. एवढा फरक म्हणजे पदक गेलं. म्हणून लांब पल्ल्याचा माणूस सर्वांत वेगवान दारू-गोळीची जोडी शोधत नाही, सर्वांत एकसारखी शोधतो. पुंगळी जवळजवळ पूर्ण भरेल अशी दारू त्याला आवडते. अर्धवट भरलेल्या पुंगळीत दारू कधी मागच्या प्रायमरकडं, म्हणजे ती पेटवणाऱ्या टोपीकडं, कधी गोळीकडं सरकते आणि प्रत्येक बार वेगळा पेटतो.

दुसरी अडचण हवेची. गरम दारू जोरात जळते. जुन्या धाटणीच्या काही दारूंत गोठणबिंदू आणि ४० अंश सेल्सिअस यांमध्ये गोळीच्या वेगात सेकंदाला ७०-८० फुटांचा फरक पडू शकतो. जानेवारीत बसवलेला नेम मे महिन्यात निरुपयोगी, आणि मर्यादेला टेकलेला भार उन्हात धोक्याचा. गेल्या काही दशकांत या संवेदनशीलतेवर चांगलं काम झालं. हॉजडनच्या ‘एक्स्ट्रीम’ मालिकेतल्या एच १००० आणि रेटुंबो या मॅग्नमच्या लाडक्या दारू ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथं बनतात. त्यांच्यात हा फरक बराच कमी असतो. फिनलंडच्या विहटावुओरीची ५०० ची मालिका दुसऱ्या वाटेनं जाते. तिथं नायट्रोसेल्युलोजच्या दाण्यात नायट्रोग्लिसरीन मुरवून जादा वेग मिळवतात. वेग मिळतो, पण अशा जोडदारूची ज्वाळा जास्त तप्त असते आणि मॅग्नमच्या नळीचा घसा तसाही लवकर खरवडतो. स्पर्धेतल्या मॅग्नमची नळी हजार-दीड हजार बारांत बाद होणं ही नेहमीची गोष्ट आहे. हिशोब करून बघा. साडेचार ग्रॅम दारूतून सतराएक किलोज्यूल सुटतात, गोळी त्यातले पाचाहून थोडेच जास्त घेऊन जाते. उरलेलं नळीला तापवतं, नाहीतर तोंडातून आवाज होऊन बाहेर पडतं.

आणि एक विचित्र गोष्ट, जी ऐकून पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. धक्का कमी बसावा म्हणून मोठ्या मॅग्नम पुंगळीत अतिसावकाश जळणारी दारू फारच कमी भरली, तर क्वचित रायफल फुटते. कमी दारूनं, जास्त दारूनं नाही! हौशी मंडळी याला ‘एसईई’ (सेकंडरी एक्स्प्लोजन इफेक्ट) म्हणतात. एक स्पष्टीकरण असं: आडव्या पडलेल्या थोड्या दारूवरून प्रायमरची ज्वाळा निसटून जाते, दारू अर्धवट पेटते, गोळी नळीच्या सुरुवातीला जाऊन थबकते आणि मागं सगळी दारू एकदम पेट घेते. पुढं वाट अडलेली. हे प्रयोगशाळेत हुकमी घडवून दाखवणं अवघड ठरलं आहे, त्यामुळं कारणावर एकमत नाही. पण उत्पादकांच्या पुस्तिका मंद दारूंसाठी किमान मापाखाली जाऊ नका असं बजावतात, ते याच धास्तीनं.

दारू जुनी होणं हा आणखी एक भाग. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होतं, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात आणि तीच पुढच्या विघटनाला हातभार लावतात. १९०७ मध्ये तूलाँच्या बंदरात ‘इएना’ आणि १९११ मध्ये तिथंच ‘लिबर्ते’ या फ्रेंच युद्धनौका स्वतःच्या कोठारातल्या बिघडलेल्या दारूनं उडाल्या. दोन्ही मिळून चारशेच्या आसपास माणसं गेली. विएलच्याच दारूची ही काळी बाजू. आज डायफेनिलअमाइनसारखी द्रव्यं ही ऑक्साइडं शोषून घेतात. तरी डबा उघडल्यावर आम्लाचा झणका आला किंवा तांबूस पूड दिसली, तर जाणता माणूस ती दारू वापरत नाही.

आपल्याकडं हा छंद फारसा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. विद्या मात्र परकी नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत तोफांची दारू बनते आणि पुण्यातली एचईएमआरएल ही संरक्षण प्रयोगशाळा दाण्याचा आकार, मंदावणारी द्रव्यं आणि तापमान याच प्रश्नांवर काम करते, फक्त मोठ्या तोंडांच्या नळ्यांसाठी.

मोठ्या नळ्यांचा आणि छोट्यांचा संबंध अलीकडं परत उघडा पडला. जातिवंत नेमबाज आपली आवडती दारू एकाच लॉटचे आठ-आठ पौंडी डबे घेऊन साठवतो, कारण लॉट बदलला की चालही किंचित बदलते आणि माप पुन्हा शोधावं लागतं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर हे डबे मिळेनात. नायट्रोसेल्युलोजचा कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहणारा आखूड कापूस, विदर्भातल्या कुठल्याही जिनिंगवाल्याच्या ओळखीचा. तो आणि त्यापासून होणारं नायट्रोसेल्युलोज तोफखान्यांकडं वळलं. २०२४ मध्ये अलायंट कंपनीनं हौशी भरणाऱ्यांना माल पाठवणंच थांबवलं. १५५ मिलिमीटर तोफेच्या लांब पल्ल्याच्या एका बाराला दहा किलोच्या वर दारू लागते. तेवढ्यात मॅग्नमची दोन हजार काडतुसं भरली असती, म्हणजे एक अख्खी नळी झिजवून वर उरली असती.